कलमाचं शेपूट

बॉयलर बंद असला की लाँड्रीत कुठेही बोललेलं सगळीकडे ऐकू जातं, म्हणून या घरात महत्त्वाचं बोलणं नेहमी बॉयलर चालू असताना उरकायची पद्धत होती. त्या दिवशी सुट्टी होती. तरीही दादाने सगळ्यांना वर घरात न बसवता खाली इस्त्रीच्या खोलीत बसवलं. लांबलचक टेबलं, त्यांच्यावर करपट वासाच्या गाद्या, छतावरून लोंबणाऱ्या इस्त्र्यांच्या वायरी. मामा एका टेबलावर चढून पाय हलवत होते. गेलेल्या मधल्या भावाची बायको, जिला सगळे मास्तरीणबाई म्हणायचे, खिडकीपाशी स्टुलावर बसली होती. आई नेहमीसारखी मागच्या दाराजवळ, जिथून गार पाण्याचा हौद दिसतो तिथे. सगळे चिमीची वाट बघत होते.

दादाने मनात भाषण जुळवून ठेवलं होतं. आधी मधल्याचं नाव काढायचं, मग आईचं वय, मग देशाचं भलं. क्रम चुकला तर चिमी तिथल्या तिथे उलटतपासणी घेईल हे त्याला ठाऊक होतं. लहानपणी तिला गप्प करायला एक टपली पुरायची. आता ती वकील झाली होती, आणि त्याहून वाईट म्हणजे देशाची घटना लिहिणाऱ्या समितीत बसत होती. तिचा फोटो छापून आला तेव्हा दादानेच तो कापून काउंटरच्या काचेखाली सरकवला होता. गिऱ्हाईक विचारायचं, तो सांगायचा, आमची धाकटी. अभिमान होताच. पण माणूस काचेखाली आहे तोवर त्याचा अभिमान बाळगणं सोपं जातं.

चिमी आली ती सरळ चादरींच्या गठ्ठ्यावर जाऊन बसली.

"जेवलीस?" आईने विचारलं.

"हो."

"खोटं बोलतेस."

"हो," चिमी म्हणाली, आणि दादाकडे वळली. "बोल. पण मधल्याचं नाव काढून सुरुवात करणार असलास तर नको करू."

दादाचं अर्धं भाषण तिथेच वाया गेलं. मामांनी सावरून घेतलं. "उद्या मत आहे म्हणे."

"मामा, समितीतलं बाहेर बोलायचं नसतं."

"अगं, न्हाव्याच्या दुकानात पैजा लागल्यात तुझ्यावर. अर्धे इकडे, अर्धे तिकडे आणि मध्ये आमची भाची. माझी दाढी अर्धी ठेवून न्हावी मला विचारतो, काय करेल तुमची पोरगी?"

मताला येणारं कलम चिमीनेच लिहिलेलं होतं. माणसाला पकडलं तर का पकडलं ते त्याला सांगायचं, कुठे ठेवलं ते घरच्यांना कळवायचं, आणि दुसरा दिवस मावळायच्या आत न्यायाधीशापुढे उभं करायचं. बस्स. त्यात एकही मोठा शब्द नव्हता. पण समितीतल्या अर्ध्या लोकांना त्याला शेपूट लावायचं होतं: उलथून टाकलेल्या राजवटीतले अधिकारी यातून वगळावेत. त्यांना ना कारण सांगायची गरज, ना न्यायाधीशाची. शेपूट लागलं तर जुन्या राजवटीचा पकडलेला जेलर आतच राहणार होता, मरेपर्यंत, त्याच तुरुंगात जिथे मधल्याने शेवटचे दिवस काढले. शेपूट गळलं तर त्याला कोर्टात उभं करावं लागणार होतं. कोर्ट पुरावा मागतं, आणि पुरावा नव्हता. का नव्हता ते खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणीही हौदाकडे पाहिलं नाही.

"शेपटाला हो म्हण," दादा म्हणाला. "एवढंच सांगायला बोलावलंय."

"ते कलम मी कुणासाठी लिहिलं, माहीत आहे ना तुला?"

"आहे."

"मी आणि वहिनी डबा घेऊन दारोदार फिरत होतो. प्रत्येक ठाण्यावर तेच. असा कुणी माणूस आमच्याकडे नाही. एकाने तरी म्हणावं, आहे, पण भेटू देत नाही. तेवढ्यावरही आम्ही त्याच्या पाया पडलो असतो. वहिनी तर डबा रोज ताजा करून आणायच्या."

"म्हणजे मधल्यासाठी लिहिलेलं कलम," मास्तरीणबाई खिडकीपाशी बसूनच म्हणाल्या, "आणि त्याचा पहिला फायदा कुणाला? ज्याने त्याला मारला त्याला." त्यांचा आवाज चढला नव्हता. शेवटच्या बाकापर्यंत पोचावं एवढाच होता. "तुमची घटना अमलात येणार, आणि तिचं पहिलं गिऱ्हाईक तो."

चिमीने मान हलवली. "हो. पहिला तोच."

"मग?"

"मग काही नाही, वहिनी. याला उत्तर नाही माझ्याकडे."

मामांना उत्तर नसलेल्या गोष्टी आवडत नसत. "इतकं मनाला काय लावून घ्यायचं? घटना म्हणजे शेवटी काय, जिंकलेल्यांनी केलेला कायदा. हरलेल्यांनी तो सोसायचा. जगात असंच चालतं."

"जिंकलेल्यांना कायदा कशाला लागतो, मामा? त्यांच्याकडे बंदुका असतात. घटना लिहायची ती जिंकलेल्यांचे हात बांधायला. म्हणजे आपले. आज डोकं ठिकाणावर आहे तोवर लिहून ठेवायचं, उद्या माजलो तर आडवं यावं म्हणून."

"आपण कशाला माजतोय?"

"मागचेही हेच म्हणत आले होते. त्यांच्या मिरवणुकीत तुम्ही झेंडा घेऊन पुढे होतात."

मामांचे पाय हलायचे थांबले. "तेव्हा सगळेच होते," ते म्हणाले.

*

मास्तरीणबाईंना हे वाद ऐकू येत होते, पण लक्ष हौदाकडे जात होतं. कितीही ठरवलं तरी या खोलीत आलं की ते तिकडेच जायचं.

लाँड्रीला तुरुंगाचं काम होतं. गाडीतून गाठोडी यायची: चादरी, शिपायांचे गणवेश, कैद्यांचे कपडे. डागाचा कपडा आधी आईकडे, हा घरचा जुना नियम. रक्ताचा डाग गार पाण्यात, मीठ लावून, आणि ताबडतोब काढायचा; गरम पाणी लागलं की तो कायमचा बसतो. मधला कुणाकडेच नाही असं सगळे सांगत होते त्या दिवसांत एका गाठोड्यात साधा बाहेरचा सदरा आला. आईने रक्त पाहिलं, सदरा पाहिलाच नाही. इतक्या वर्षांच्या सवयीने हात पुढे झाले. बुडवला, मीठ चोळलं, घासला. पिळून दोरीवर टाकताना काखेतलं रफू दिसलं, आणि ते रफू तिच्याच हातचं होतं.

थोड्याच दिवसांनी मधला शहराबाहेरच्या खाणीत सापडला, उघड्या अंगाने. बस डेपोतला मेकॅनिक, संपाच्या दिवशी गेटवर पाच मिनिटं बोलला एवढाच त्याचा गुन्हा. पुढे राजवट पडली, जाताना जेलरच्या लोकांनी तुरुंगातले कागद जाळले. उरला तो सदरा, स्वच्छ धुतलेला. त्याने काय सिद्ध होणार?

मास्तरीणबाईंनी सासूला कधी बोल लावला नाही. पण कितीतरी दिवस तिने दिलेलं पाणीसुद्धा त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ. शाळेजवळ वेगळी खोली घेतली ती जवळ पडते म्हणून, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं, आणि सगळ्यांनी ते मानून घेतलं.

आज सकाळी त्या इथे आल्या त्या दादाच्या बाजूने बोलायला. जेलर आत सडावा याखेरीज त्यांना जगाकडून काही नको होतं.

"हे बघ," दादा चिमीला समजावत होता, "सुंठेवाचून खोकला जातोय आपला. ठराव समितीचा, नाव समितीचं. तू नुसता हात वर करायचा. कोर्टात गेलं की काय होतं तुला माहीत आहे. तो तोंड उघडणार. वाट्टेल ते बोलणार."

"काय बोलेल?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"काहीही."

"काहीही म्हणजे काय, भाऊजी?"

"म्हणजे... कपडे कुठे जायचे, कोण धुवायचं, असलं काहीतरी. वकील लोक काय, नको ते उकरून काढतात. मग चौकशी, मग लाँड्रीला सील. त्यातून कुणाचं भलं होणार आहे?"

 मास्तरीणबाईंनी दीराकडे नीट पाहिलं. मधला गायब झाल्यावर दादाने तुरुंगाचं काम थांबवलं नव्हतं. सदरा सापडल्यावरही नाही. राजवट पडेपर्यंत गाठोडी येत राहिली आणि घड्या घालून परत जात राहिली. हे त्यांना आधीपासून माहीत होतं. पण आज सकाळी ज्याच्या शेजारी बसून चहा घेतला त्या माणसाला मधल्याचं दुःख नव्हे, सीलची भीती खात होती, हे त्यांना आत्ता कळलं.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता, भाऊजी? तुम्हाला तो आत हवाय तो बोलू नये म्हणून."

"माझ्या भावाला मारलंय त्याने."

"तेही असेल."

"असेल?" दादाचा आवाज फाटला. "काम बंद केलं असतं तर दुसऱ्या दिवशी मला उचललं असतं. मग तुम्ही दोघी दोन डबे घेऊन फिरला असतात. या टेबलांवर उभ्या राहणाऱ्या बायका कुठे गेल्या असत्या? आणि चिमे, तू माझ्याकडे अशी बघू नकोस. तुझं वकिलीचं शिक्षण कशावर झालं?"

"तुरुंगाच्या चादरींवर," चिमी म्हणाली. "माहीत आहे मला. मी काही तुझ्यापेक्षा स्वच्छ नाही, दादा."

मामा टेबलावरून उतरले आणि उगाचच एका इस्त्रीची वायर गुंडाळायला लागले. मघापर्यंत ते दादाच्या बाजूला होते. आता कुणाच्या बाजूला उभं राहावं हे त्यांना उमगेना.

मास्तरीणबाई चिमीपाशी येऊन उभ्या राहिल्या. "कोर्टात त्याला विचारता येतं? समोरासमोर?"

"येतं. उत्तर देईलच असं नाही."

"आणि सुटेल?"

"बहुतेक सुटेल. मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही, वहिनी. आईची साक्ष आहे आणि धुतलेला सदरा आहे. त्यावर कुठलाही धड न्यायाधीश त्याला आत ठेवणार नाही. मीही ठेवला नसता."

 नवऱ्याचं शेवटी काय झालं हे मास्तरीणबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. रोज झोपताना त्या वेगवेगळं काहीतरी मनात आणायच्या, आणि खरं काय ते त्या एका माणसाला माहीत होतं. शेपूट लागलं तर तो ते घेऊनच आत मरणार होता.

"उभा करा त्याला," त्या म्हणाल्या. "मला विचारायचंय. शेवटी काय झालं, काही बोलला का, पाणी तरी मागितलं का. सुटला तर सुटू दे. पण मला विचारायचंय."

*

आता आई बोलेल असं सगळ्यांना वाटलं. म्हातारी माणसं अशा वेळी काहीतरी मायेचं, शहाणपणाचं बोलून तिढा सोडवतात असा एक समज असतो. दादासुद्धा मान खाली घालून उभा होता, ती सुनेचीच बाजू घेणार असं धरून.

"मला तो आतच हवा," आई म्हणाली.

"आई, ऐक तरी—"

"ऐकलं सगळं. मला कळत नाही म्हणून नाही म्हणत. कुणाच्या पोराला असं उचलून नेऊ नये, तू लिहिलंस ते बरोबर आहे. पण मला तो तिथेच हवा. अंधारात. का ठेवलंय ते त्याला कुणी सांगू नये. त्याची बायको गेली दारात तर तिला म्हणावं, असा कुणी माणूस आमच्याकडे नाही."

इतकं सलग ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. मामांनी "ताई" म्हणून हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला.

मनातलं उरलेलं ती कुणाला सांगणार नव्हती. जेलर आत असेपर्यंत शिक्षा दोघांत वाटली जात होती. तो तिकडे कोठडीत, ती इकडे हौदावर. लोकांनी किती सांगितलं तरी तिने हौद सोडला नव्हता तो त्यामुळेच. तो सुटला की ती एकटी उरणार होती. आणि भर कोर्टात उभं राहून, त्याच्या देखत, तिला सांगावं लागणार होतं की रक्त होतं आणि ते मी काढलं.

"माझं ऐकशील?" तिने विचारलं.

चिमी गठ्ठ्यावरून उठली. या घरात आईने कुणाकडे काही मागितल्याचं तिला आठवत नव्हतं. तोंडातून हो निघून जाईल असं तिला क्षणभर वाटलं, आणि ती घाबरली.

"नाही, आई."

"एवढं एकच मागतेय."

"माहीत आहे."

"मग तुझं कलम तुला लखलाभ," आई म्हणाली आणि मागच्या दाराने बाहेर गेली. हौदाचा नळ सुटल्याचा आवाज आला. धुवायला आज काहीच नव्हतं. बॉयलर बंद होता, त्यामुळे तो आवाज सगळ्यांना बराच वेळ ऐकावा लागला.

*

शेपूट गळलं, एका मताच्या फरकाने. मग घटनासभेतही कलम तसंच मंजूर झालं, आणि घटना अमलात आली त्याच आठवड्यात जेलरला न्यायाधीशापुढे आणलं.

दादा आला नाही. आई आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, समजावलंही नव्हतं. "आता उभा केलाच आहे तर सांगते," एवढंच ती म्हणाली आणि चिमीकडे न बघता साक्षीदारांच्या बाकावर बसली.

जेलर वाळला होता. चिमीने मनात धरलेल्या माणसापेक्षा तो बराच बुटका होता, आणि त्याला खोकला झाला होता. त्याच्या वकिलाने आईला पहिलाच प्रश्न गाठोड्यांचा विचारला. दादाची भीती अगदी खोटी नव्हती. तुरुंगाचं काम कुणाकडे होतं, किती वर्षं होतं, मुलगा गेल्यावरही चालू होतं का? आईने सगळ्याला हो म्हटलं. मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली.

"सदऱ्यावर रक्त होतं?"

"होतं."

"आता आहे?"

"नाही."

"कुणी काढलं?"

"मी."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं, मान वर न करता. तेही माणूसच होते.

मग मास्तरीणबाईंना विचारू दिलं. त्यांनी नवऱ्याचं पूर्ण नाव घेतलं, डेपो सांगितला, उंची सांगितली, डाव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट अर्धं होतं ते सांगितलं. "शेवटी त्याचं काय झालं?" त्यांनी विचारलं. शाळेतला तो आवाज कुठेच नव्हता.

जेलरने त्यांच्याकडे पाहिलं. आठवण्याचा प्रयत्न करतोय असं दिसत होतं.

"मला आठवत नाही," तो म्हणाला. "बरेच येत होते."

भयंकर होतं ते हेच, की तो खोटं बोलतोय असं चिमीला वाटलं नाही.

दुपारच्या आत त्याला सोडलं. पुराव्याअभावी. तो बाजूच्या दाराने गेला, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून, खोकत.

बाहेरच्या व्हरांड्यात मास्तरीणबाई चिमीसमोर थांबल्या. त्यांचे डोळे कोरडे होते.

"तू केलंस ते बरोबर केलंस," त्या म्हणाल्या. "मीच म्हणाले होते. पण काही दिवस माझ्याकडे येऊ नकोस."

"किती दिवस, वहिनी?"

"ते मला विचारू नकोस."

त्यांनी सासूचा हात धरला. तो सदरा धुतला गेल्यापासून पहिल्यांदाच धरला. दोघी सावकाश पायऱ्या उतरून गेल्या, आणि आईने एकदाही वळून पाहिलं नाही. चिमीला मागून धावावंसं वाटलं, पण ती धावली नाही. ती तिथल्याच बाकावर बसली. आपण सगळ्यांना गमावून बसलो, आणि मिळवलं काय, तर तो माणूस आज घरी जेवणार.

शेजारी एक बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. पिशवीत डबा होता. ती मघापासून दाराकडे आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे आळीपाळीने बघत होती.

"तुम्ही इथल्याच का हो?" तिने चिमीच्या काळ्या कोटाकडे बघत विचारलं. "माझ्या मुलाला काल पकडलं. मारामारी केली म्हणे, करतोही तो. शिपाई घरी येऊन सांगून गेला, उद्या सकाळी इथे आणतो म्हणून. मी सकाळपासून बसलेय. दुपार झाली. अजून पत्ता नाही. काय हा कारभार, माणसाला काही कामधंदे आहेत की नाहीत?"

 चिमी त्या बाईकडे बघत राहिली, तिच्या चिडण्याकडे, हक्काने चिडण्याकडे. मग तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

बाई गांगरली. "अहो, काय झालं? आणणार नाहीत का त्याला?"

"आणतील," चिमी म्हणाली. "बसा तुम्ही. आता आणावंच लागतं."